मित्रांच्या गाण्यांतली हुरहूर आकड्यात मोजायची कशी?

पुण्याहून कोल्हापूरला निघालो की खंबाटकी घाट येईपर्यंत आमच्या गाडीत एक भांडण ठरलेलं असतं: फोन कुणाचा जोडायचा. एकाची गाणी सुरू झाली की मागच्या सीटवरून आवाज येतो, "अरे, कोण गेलं का?" तो चिडतो. त्याचं म्हणणं, माझी गाणी शांत आहेत, रडकी नाहीत. रडकी ऐकते ती दुसरी, जी दिवसभर विरहाच्या गझला लावते आणि स्वतः मात्र खदाखदा हसत असते. मागच्या खेपेला गाडीत एक संगणकवाला होता. तो म्हणाला, "वाद कशाला? मोजून बघू."

मोजता येतं. निदान 'मोजलं' म्हणण्याजोगा एक आकडा तरी नक्की निघतो. तो निघतो कसा आणि त्यात नेमकं काय मोजलेलं असतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण तो आकडा मित्राविषयी जेवढं सांगतो त्याहून जास्त, मोजणाऱ्या यंत्राच्या कानाविषयी सांगतो.

अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधून बाहेर पडलेल्या ब्रायन व्हिटमन आणि ट्रिस्टन जेहान यांनी २००५ साली 'द एको नेस्ट' नावाची कंपनी काढली. संगणकाला गाणी ऐकवायची आणि प्रत्येक गाण्याचं एक प्रगतिपुस्तक तयार करायचं, असा तिचा उद्योग. लय किती, आवाजाची पातळी किती, नाचण्याजोगं किती, जोर म्हणजे 'एनर्जी' किती आणि 'व्हेलन्स' किती. २०१४ मध्ये स्पॉटिफायने ही कंपनी विकत घेतली. मग बरीच वर्षं, थोडंफार प्रोग्रामिंग येणाऱ्या कुणालाही कोणत्याही गाण्याचं हे प्रगतिपुस्तक फुकटात मागवता येत होतं. मित्रमंडळींची उदासी मोजण्याचे हौशी उद्योग जगभर झाले ते याच आकड्यांवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पॉटिफायने नव्या प्रोग्रामांसाठी हे दार बंद केलं. आता 'लिब्रोसा' किंवा बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात घडलेली 'एसेन्शिया' अशी मोफत साधनं घेऊन घरच्या संगणकावर खटपट करावी लागते.

यातला कळीचा शब्द व्हेलन्स. रसायनशास्त्राच्या पुस्तकात आपण त्याला संयुजा म्हणत होतो, पण इथे त्याचा तो अर्थ नाही. मानसशास्त्रात व्हेलन्स म्हणजे भावनेची चव: गोड की कडू. शून्याच्या जवळ कडू, एकच्या जवळ गोड. हा आकडा यंत्राला कसा कळतो? एको नेस्टची रीत अशी होती की संगीताच्या जाणकाराने काही नमुन्याच्या गाण्यांना हाताने शेरे द्यायचे, यंत्राने त्यांवरून आडाखे बांधायचे आणि मग तेच आडाखे उरलेल्या लाखो गाण्यांना लावायचे. भाजीवाली कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगते, तसंच हे. फरक इतकाच की कलिंगड कापून खात्री करता येते.

टिचकी मारल्यावर यंत्राला ऐकू काय येतं, ते पाहू. सीडीवरचं गाणं म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं हवेच्या दाबाचं माप. तीन मिनिटांच्या गाण्यात असं माप जवळपास ऐंशी लाख वेळा घेतलेलं असतं. नुसत्या या ढिगातून काही कळत नाही. म्हणून त्याचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे बारीक तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणकोणत्या उंचीचे स्वर किती प्रमाणात मिसळले आहेत, ते वेगळं काढतात. यामागचं गणित फ्रान्सच्या फोरियेचं. १८२२ साली उष्णता कशी पसरते याचा विचार करताना त्याने ते मांडलं. गाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मग सगळ्या सप्तकांतले स्वर एकावर एक रचून बारा डब्यांत भरायचे: सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र. कुठल्या डब्यात किती भर पडली यावरून स्वरांचा अंदाज येतो. ठोके कुठे पडतात यावरून लय. वरच्या टिपेच्या ध्वनींचं प्रमाण किती यावरून आवाज झगझगीत आहे की मंद, ते.

एवढ्यावरून उदासी? हो, आणि ते अगदीच वेडगळ नाही. दुःखात माणूस कसा बोलतो आठवा. सावकाश, खालच्या पट्टीत, हळू आणि एकसुरी. ज्युस्लिन आणि लौक्का या स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २००३ साली आधीच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा ताळा करून दाखवलं की बोलण्यात जी लक्षणं भावना पोचवतात, बरीचशी तीच वाद्यवादनात आणि गाण्यातही पोचवतात. भाषा न कळताही शेजारच्या घरात कुणीतरी रडवेलं बोलतंय हे आपल्याला भिंतीपलीकडून कळतं. यंत्र त्या भिंतीला कान लावून बसलेलं असतं.

आता कागदावर अधिकचं मोठं चिन्ह काढा. आडव्या रेघेवर उजवीकडे गोड, डावीकडे कडू. उभ्या रेघेवर वर ताण आणि जोर, खाली सैलपणा. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली भावनांचा जो नकाशा मांडला, त्याचा सांगाडा हाच. वर उजवीकडे वरातीतला बँड. वर डावीकडे राग आणि भीती. खाली उजवीकडे जेवण झाल्यावरची दुपार. खाली डावीकडे उदासी. यावरून लगेच कळतं की नुसता व्हेलन्स पुरत नाही. स्पॉटिफायच्याच व्याख्येप्रमाणे कमी व्हेलन्समध्ये खिन्न गाणं बसतं आणि संतापलेलंही बसतं. म्हणजे कानठळ्या बसवणारं मेटल रॉक ऐकणारा आणि अंधारात गझल ऐकणारा एकाच रांगेत उभे राहतील.

म्हणून दोन्ही आकडे घ्यायचे. एक वजा व्हेलन्स, एक वजा एनर्जी, दोहोंचा गुणाकार आणि त्याचं वर्गमूळ. समजा गझलेचे दोन्ही आकडे ०.२ आहेत. मग ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, वर्गमूळ ०.८. मेटलच्या गाण्याचा व्हेलन्स ०.२ पण एनर्जी ०.९, तर ०.८ गुणिले ०.१ म्हणजे ०.०८ आणि वर्गमूळ साधारण ०.२८. गझल वर, मेटल खाली. हे सूत्र कुठल्या ग्रंथातलं नाही, स्वयंपाकातल्या अंदाजासारखं आहे. तुम्ही वेगळं केलंत तरी कुणी हरकत घेणार नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या गाडीतल्या मित्राचा दावा आठवा: शांत आहे, रडकं नाही. नकाशाच्या भाषेत तो म्हणतोय की मी खाली आहे, पण उजवीकडे. नेमकं हेच ओळखणं यंत्राला सगळ्यात जड जातं. जोर किती ते त्याला बऱ्यापैकी कळतं, चव कळत नाही. तैवानमधल्या संशोधकांनी २००८ साली केलेल्या एका प्रयोगात, ऐकणाऱ्यांनी दिलेल्या गुणांमधला चढउतार उभ्या रेघेवर यंत्राला सुमारे ५८ टक्के समजावता आला, आडव्या रेघेवर जेमतेम २८ टक्के. तेव्हापासून तंत्र सुधारलं आहे, पण आडवी रेघ अवघड ही तक्रार या क्षेत्रात कायम आहे. खंबाटकीतला वाद यंत्र सोडवेल ही आशा त्यामुळे पहिल्यापासूनच थोडी लंगडी.

आडव्या रेघेवर यंत्र कशाच्या आधाराने चालतं? बऱ्याच अंशी एका जुन्या पाश्चात्त्य समजुतीच्या: मेजर (शुद्ध गंधाराची स्वरमालिका) म्हणजे आनंदी, मायनर (कोमल गंधाराची) म्हणजे उदास. अमेरिकेत केट हेवनर यांनी १९३५ साली याचे प्रयोग केले. एकच रचना दोन्ही रूपांत वाजवून श्रोत्यांना विशेषणं निवडायला लावली, आणि तिथल्या श्रोत्यांच्या कानाला ती समजूत खरी ठरली. गाण्याचा षड्ज आणि मेजर-मायनर ओळखण्याची जी नावाजलेली पद्धत आहे, तिच्यातली प्रत्येक स्वराची वजनंही कॅरोल क्रुमहान्सल यांनी पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या श्रोत्यांवर केलेल्या प्रयोगांतूनच आली. कान तिथला. हरकत नाही, कुठला तरी असणारच. फक्त त्या कानापुढे आपली गाणी ठेवली की गंमत सुरू होते.

घरात पेटी असेल तर समोर घ्या. फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा धरून चढत जा, भूप वाजतो. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी पाचला धरा, मालकंस. काळी दोनला धरा, धानी. काळी एकला धरा, दुर्गा. काळी चारला धरा, तर मेघ-मधमाद सारंगाचं घर. गवई याला मूर्च्छना म्हणतात. पट्ट्या त्याच, डब्यांत पडणारी भर जवळपास तीच. बदललं ते फक्त घर कुठलं हे. भूपात शुद्ध गंधार, म्हणजे यंत्राच्या लेखी मेजर, आनंदी. मालकंसात आणि धानीत गंधार कोमल, म्हणजे मायनर, उदास. सा ओळखण्यात यंत्र चुकलं की गाण्याचा स्वभावच उलटा नोंदला जातो. तंबोरा जोडीला असेल तर सा सापडायला मदत व्हावी, पण बँडच्या मिश्रणात किंवा पेटीच्या साथीत वाढलेल्या भावगीतात ती खात्री नाही.

बरं, सा अचूक सापडला असं धरू. तरी मालकंस उदास आहे का? ज्यांनी तो मैफलीत ऐकलाय ते गंभीर म्हणतील, भारदस्त म्हणतील. रडका कुणी म्हणणार नाही. आणि राग म्हणजे स्वरांची यादीही नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच आहेत. एक संध्याकाळी गायचा, गंधाराला मान देऊन. दुसरा सकाळी, धैवतावर भर देऊन. बारा डब्यांच्या हिशेबात दोघे जवळजवळ जुळे भाऊ, ऐकणाऱ्याला मात्र दोघांच्या घरात उजेड वेगळा.

भैरवीचं तर विचारू नका. रे, ग, ध, नी चारही कोमल. यंत्राने पाहताक्षणी कपाळाला हात लावावा. आणि आपल्याकडे भैरवीत काय काय गातात! टाळ-पखवाजाच्या गजरात सभागृह डोलायला लावणारा अभंगही भैरवीत असतो आणि ठुमरीतली आर्त विनवणीही. पहिल्याला उदास म्हणणं हास्यास्पद आहे. तरी माझा एक आक्षेप माझ्यावरच आहे. मैफल संपताना भैरवी सुरू झाली की आता उठायचं, ही जाणीव पोटात हलतेच. ती हुरहूर खरी असते. फक्त ती कोमल स्वरांत आहे की भैरवीनंतर काही नाही हे आपल्याला ठाऊक असण्यात आहे? दुसरं असेल तर ते ध्वनीच्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणजे परक्या कानाला आपलं काहीच कळत नाही का? तसंही नाही. बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांनी १९९९ साली हिंदुस्थानी रागांचे तुकडे ते संगीत कधी न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना ऐकवले. आनंद, दुःख आणि संताप त्यांना ओळखता आले. शांत भाव ओळखताना गडबड झाली. वेग आणि सुरावटीची गुंतागुंत यांवरून ते अंदाज बांधत होते. म्हणजे आमच्या मित्राचा शांतपणा माणसांनाही चकवतो, बिचाऱ्या यंत्राला का बोल लावा. आपल्या संगीतासाठी वेगळा कान घडवण्याचं कामही झालेलं आहे. पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेव्हिएर सेरा यांच्या पुढाकाराने २०११ पासून चाललेल्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत होतं, आणि पवईच्या आयआयटीतला प्रीती राव यांचा गट त्यात होता. षड्ज शोधणं, आलापातले स्वरसमूह ओळखणं, तबल्याचे बोल वेगळे काढणं असली कामं तिथे झाली. व्हेलन्स मात्र बाजारातला जुनाच.

लयीचीही अशीच फसगत. 'लिब्रोसा' ठोके शोधायला बसते तेव्हा मिनिटाला १२० ठोके या अंदाजावरून सुरुवात करते. नाचाच्या गाण्याला ते शोभतं. विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला पंधरा. यंत्र तिथे मात्रा सोडून मधले बोल मोजतं आणि ख्यालाला चालतं-फिरतं गाणं ठरवतं. नेहमीच्या गाण्यांतही दुप्पट-निम्म्याची चूक सर्रास होते: ७० चं गाणं १४० चं.

आणखी एक फसवणूक मला फारशी कुठे चर्चेत दिसत नाही, ती ध्वनिमुद्रणाच्या वयाची. बालगंधर्वांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घ्या. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, आणि टिपेचे ध्वनी त्यांत फारसे उतरलेलेच नाहीत. यंत्राला ते मंद, धूसर, दबलेलं ऐकू येतं आणि या तिन्ही गोष्टी त्याच्या हिशेबात उदासीच्या खात्यात जमा होतात. आजोबांकडून जुन्या नाट्यपदांची आवड घेतलेली मुलगी त्यामुळे विनाकारण खिन्न ठरते. गाणं उत्साहाचं आहे, तबकडी म्हातारी आहे.

शब्दांचा तर इथवर विचारच केला नाही. लावणीची ढोलकी फर्मास वाजत असते आणि आत बाई घरधनी परदेशी गेल्याचं दुःख सांगत असते. आपल्या रसशास्त्रात अशा विरहाला करुणात घालत नाहीत. तो विप्रलंभ शृंगार, कारण भेटीची आशा अजून शिल्लक आहे. हुरहूर या शब्दातही ती आशा आहे, खिन्नतेत नाही. मराठी मजकुराची भावना यंत्राकडून ओळखून घेण्याचे प्रयत्न होतात. पुण्याच्या 'एल३क्यूब' गटाने २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार मराठी ट्वीटांवर होकारात्मक, नकारात्मक, तटस्थ असे शेरे मारून संच खुला केला. चांगलं काम आहे. पण ट्वीटातली चिडचिड ओळखायला शिकलेल्याला ओवीतली ओढ कशी कळावी?

एवढं सगळं माहीत असूनही मोजायचंच असेल, आणि मोजावं, मजा येते, तर काही गोष्टी सांभाळा. मित्रांनी आपापल्या ॲपकडून ऐकल्याचा इतिहास मागवायचा, तो मिळतो. त्यात प्रत्येक गाणं किती वेळ वाजलं हे असतं. तीस सेकंदांच्या आत बदललेली गाणी काढून टाका, ती आवड नव्हे. घरचं खातं एकच असेल तर त्यात भाच्याला भरवताना लावलेली बडबडगीतं आणि आईची भजनं निघतात, तीही चाळून घ्या. नुसती सरासरी काढू नका. एकाची दहाही गाणी ०.५ ची, दुसऱ्याची पाच ०.९ ची आणि पाच ०.१ ची, सरासरी दोघांची ०.५, पण स्वभाव वेगळे. मुख्य म्हणजे, तू ०.६ आणि मी ०.४ अशी तुलना जवळजवळ निरर्थक आहे, कारण एक ख्याल ऐकतो, एक पंजाबी पॉप, आणि मोजपट्टी दोघांसाठी सारखी नाही. एकाच माणसाची स्वतःशी तुलना केली तर मात्र काही हाती लागतं. त्याची सकाळची गाणी आणि रात्री अकरानंतरची. परीक्षेआधीचा महिना आणि नंतरचा. यंत्राचा कान वाकडा असला तरी दोन्ही वेळा सारखाच वाकडा असतो.

आणि उदास गाणी ऐकणारा उदास असतोच असं नाही. तारुफी आणि कोएल्श यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७७२ जणांनी उत्तरं दिली. उदास संगीताने सगळ्यात जास्त वेळा काय जागं होतं, तर दुःख नव्हे, गतकाळाची आठवण. गझलवालीचं खदाखदा हसणं त्यात नीट बसतं.

आमच्या मोजणीचं म्हणाल तर सगळ्यांनी इतिहास मागवला. फाइलमध्ये गाण्यापुढे तारीख असते, वेळ असते. पहाटेचे पावणेतीन असतील तर पावणेतीनच लिहिलेलं असतं. गझलवालीने फाइल लगेच दिली. शांत गाणीवाल्याने ती आधी स्वतः उघडून पाहिली, दोन दिवस घेतले आणि मग दिली, मधले दोन महिने काढून. संगणकवाला म्हणाला की असं केलं तर त्याच्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही. गझलवाली म्हणाली, "राहू दे." तेव्हापासून गाडीत चालवणाऱ्याचा फोन जोडतात, आणि घाट शांत गाणीवालाच चालवतो.